कोळशाने आखलेला प्रांत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हाला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्र आम्ही मार्कांपुरतं वाचायचो आणि गुरुजींना त्याचाच राग यायचा. लढाई कोणी जिंकली हे पाठ करता, पण दुसऱ्या दिवशी त्या गावातला सारा कोणी गोळा केला हे कुणीच कसं विचारत नाही, असं ते म्हणायचे. आज त्यांच्या नावाने बोलायला उभा आहे, तर नागरिकशास्त्राच्या बाजूनेच बोलतो.

लहानपणी माझ्याकडे पोस्टाच्या तिकिटांची वही होती. जर्मनीच्या पानावरचं एक तिकीट मला नेहमी कोड्यात टाकायचं. त्यावर ‘डॉइचं बुंडेसपोस्ट’, म्हणजे जर्मन टपाल खातं, असं छापलेलं होतं आणि त्याखाली ‘झारलांड’. इथवर ठीक होतं. पण किंमत होती फ्रॅंकमध्ये! देश जर्मनी आणि पैसा फ्रान्सचा. हे छापणाऱ्याची चूक असणार, म्हणजे तिकीट दुर्मीळ असणार, असं समजून मी ते फार जपलं. पुढे कळलं की ते दुर्मीळ नाही आणि चूकही नाही. १९५७ ते १९५९ ही अडीच वर्षं तिथे खरोखरच तसा कारभार चालू होता. त्या तिकिटामागची कारभाराची गोष्ट आज सांगायची आहे.

झारलांडचा रशियाच्या झारशी काही संबंध नाही. झार ही नदी. फ्रान्समध्ये उगम पावते, उत्तरेला जर्मनीत शिरते आणि मोझेल नदीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवरचा हा मुलूख साधारण २,५७० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षाही लहान. वस्ती सुमारे दहा लाख. बर्लिन, हाम्बुर्ग आणि ब्रेमेन ही शहर-राज्यं सोडली तर जर्मनीतलं हे सर्वांत छोटं राज्य. जर्मन वर्तमानपत्रांत कुठे जंगल जळालं, कुठे बर्फाचा तुकडा सुटला की ‘झारलांडएवढा’ असं मोजमाप देतात. झारलांडची माणसं याला हसतात. पण ज्या मुलुखाची हद्द शंभर वर्षांत इतक्यांदा हलली तोच मोजपट्टी म्हणून वापरला जातो, यातली गंमत मला सोडवत नाही.

आता पहिली गोष्ट. १९२० पूर्वी झारलांड नावाचं काही नव्हतंच. प्रांत नाही, संस्थान नाही, जिल्हाही नाही.

जुन्या काळी इथे बारीकसारीक सरदारक्या होत्या. त्यांतली मोठी म्हणजे नास्साउ-झारब्रुकन. तिचा संस्थानिक विल्हेल्म हाइनरिश याने अठराव्या शतकाच्या मध्यावर एक हुशारीचं काम केलं. शेतकरी जिथे सापडेल तिथे खणून कोळसा काढत होते. त्या सगळ्या खाणी त्याने सरकारजमा केल्या. पलीकडे चौदाव्या लुईने १६८० मध्ये झारलुई हे किल्ल्याचं गाव वसवलं होतं, ते फ्रान्सचं. मग फ्रेंच राज्यक्रांतीची फौज आली, सगळ्या सरदारक्या बुडाल्या आणि ‘झार’ नावाचा फ्रेंच जिल्हा झाला. पण त्याचं मुख्य ठाणं होतं ट्रीर, आणि त्याची हद्द आजच्या झारलांडशी जुळत नाही. नेपोलियन गेला, जिल्हा गेला. त्याचा दिवाणी कायदा मात्र राहिला; या भागात तो १८९९ सालाच्या अखेरपर्यंत चालू होता. राज्यकर्ता बदलला तरी दप्तर लगेच बदलत नाही, याचा हा पहिला दाखला. असे आणखी बरेच येणार आहेत.

१८१५ नंतर विजेत्यांनी वाटणी केली. पश्चिमेचा मोठा भाग प्रशियाला मिळाला. त्याचा कारभार ऱ्हाइन प्रांतातल्या ट्रीर विभागातून चाले. पूर्वेचा भाग, होम्बुर्ग आणि झांक्ट इंगबर्ट, बव्हेरियाला मिळाला आणि फाल्झ या त्याच्या सुभ्यात गेला. म्हणजे इथल्या खाणकामगारांत काहींचा मालक प्रशियाचा राजा, तर झांक्ट इंगबर्टच्या खाणीत बव्हेरियाचा राजा. खाली कोळशाचा थर एकच.

या दोघांच्या मध्ये एक तिसराच तुकडा उरला होता. झांक्ट वेंडेल गाव आणि आजूबाजूचा मुलूख कोबुर्गच्या ड्यूकला, एर्न्स्टला बक्षीस मिळाला. कोबुर्ग तिथून कितीतरी लांब, मधे परक्यांचे मुलूख. एर्न्स्टने त्याला लिश्टेनबर्ग संस्थान असं भारदस्त नाव दिलं आणि त्याचा उपयोग केला तो नकोशी बायको ठेवायला. त्याची पत्नी लुईझ हिला १८२४ मध्ये दोन लहान मुलांपासून तोडून झांक्ट वेंडेलला पाठवण्यात आलं. गावाने तिला जीव लावला. १८३१ मध्ये ती पॅरिसमध्ये वारली. मुलं तिला पुन्हा भेटली नाहीत. त्यांतला धाकटा आल्बर्ट. पुढे तो इंग्लंडच्या व्हिक्टोरियाचा नवरा झाला. जिचं डोकं आपल्या आजोबांच्या रुपयावर होतं त्या राणीची सासू या आडगावात दिवस काढत होती. १८३४ मध्ये ड्यूकने ते सगळं संस्थान वर्षासनाच्या बदल्यात प्रशियाला विकून टाकलं. गाव विकायचं, गावकऱ्यांसकट. कागदपत्रं नीट होती, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

तर १९१९ साली चित्र असं होतं. बराचसा भाग प्रशियाकडे, थोडा बव्हेरियाकडे. दोन शिक्षणखाती, दोन पोलिसखाती, दोन महसूल पद्धती. मग हा एक प्रांत झाला कसा?

पहिल्या महायुद्धात माघार घेताना जर्मन सैन्याने उत्तर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणी पाण्यात बुडवल्या, उद्ध्वस्त केल्या. फ्रान्सने भरपाई मागितली. व्हर्सायच्या तहात ठरलं की झारच्या खाणींची पूर्ण मालकी फ्रान्सला, मुलुखाचा कारभार पंधरा वर्षं राष्ट्रसंघाकडे आणि त्यानंतर जनतेचा कौल. मग प्रश्न आला, ‘मुलूख’ म्हणजे नेमका कुठवर? भाषेने हद्द आखता येत नव्हती, कारण भाषा जर्मनच. इतिहासाने आखता येत नव्हती, कारण तसा इतिहासच नव्हता. तेव्हा हद्द आखली ती खाणी आणि खाणींवर रोज कामाला येणाऱ्या माणसांची घरं यांच्याभोवती. इथले पुष्कळ कामगार आसपासच्या खेड्यांतून मैलोन्मैल चालत खाणीवर येत. लोक त्यांना ‘हार्टफ्युसलर’ म्हणत, कठीण पायांची माणसं. त्यांच्या पायवाटा जिथवर पोचत होत्या तिथवर साधारण नवी सरहद्द गेली. सुमारे १,९०० चौरस किलोमीटर. कोळशाचा हिशेब करण्यासाठी आखलेली ती रेघ, आणि तीच पुढे प्रांत झाली.

१९२० च्या जानेवारीत तह अमलात आला आणि झारब्रुकनमध्ये पाच जणांचं शासन मंडळ बसलं. एक फ्रेंच, एक स्थानिक, बाकीचे तिघे फ्रान्स आणि जर्मनी सोडून इतर देशांचे. पाचही नेमलेले; निवडून आलेला एकही नाही. पहिले अध्यक्ष व्हिक्टर रो हे फ्रेंच. पुढे कॅनडाचे स्टीफन्स, मग विल्टन आणि नॉक्स हे इंग्रज. जगाच्या पंचायतीने एखादा मुलूख स्वतः चालवून पाहण्याचा हा फार मोठा प्रयोग होता.

तो चालला कसा, हे कारकुनाच्या टेबलापाशी उभं राहून पाहावं. नव्या सरकारकडे स्वतःची माणसं नव्हती. जुनेच जर्मन तलाठी, पोस्टमास्तर, मास्तर, रेल्वेबाबू. काल ते प्रशियाचे किंवा बव्हेरियाचे नोकर होते. आता नेमणूक कुणाची, पेन्शन कोण देणार, ज्येष्ठता धरणार का? मंडळाने नव्या सेवाशर्ती पुढे केल्या आणि ऑगस्ट १९२० मध्ये सरकारी नोकरांनी संप केला. राष्ट्रसंघाच्या राज्यातली पहिली मोठी लढाई कारकुनांच्या सेवाशर्तींवरून झाली. पोस्टाचं त्याहून सरळ: हाताशी असलेली जर्मन साम्राज्याची आणि बव्हेरियाची तिकिटं घेतली, त्यांवर फ्रेंचमध्ये ‘सार’ असा ठसा मारला आणि विकायला ठेवली. कैझरचा मुलूख गेला, शिल्लक तिकिटं वाया गेली नाहीत. १९२३ मध्ये खाणकामगारांनी शंभर दिवस संप केला. त्याच वर्षी १ जूनपासून फ्रॅंक हे एकमेव चलन झालं. जर्मन मार्क तेव्हा रद्दीच्या भावाने जात असल्यामुळे पुष्कळांना ते मनातून बरंच वाटलं असणार. उघड म्हणायचं मात्र कुणी नाही.

कौलाची तारीख आली १३ जानेवारी १९३५. ‘जनमत कौल’ हा शब्द गोव्याने १९६७ मध्ये आपल्या भाषेत रुजवला, म्हणून तोच वापरतो. पर्याय तीन होते: जर्मनी, फ्रान्स किंवा आहे तसंच, राष्ट्रसंघाखाली. इंग्रज, इटालियन, स्वीडिश आणि डच मिळून ३,३०० सैनिक बंदोबस्ताला. १९१९ च्या जूनमध्ये तहावर सह्या झाल्या त्या दिवशी जो या मुलुखात राहत होता त्याला मत, बायकांनाही. पंधरा वर्षांपूर्वी कोण कुठे राहत होतं हे ठरवायचं तर जुन्या वस्ती-नोंदी काढाव्या लागल्या. ज्यांना आपण धुळीची दप्तरं म्हणतो, त्यांच्यावर युरोपची शांतता टेकली होती.

निकाल लागला. जर्मनीच्या बाजूने ४,७७,११९. आहे तसंच ठेवा म्हणणारे ४६,६१३. फ्रान्स म्हणणारे २,१२४. शंभरातले नव्वद जर्मनीकडे. आणि जर्मनीत तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षं होत आली होती. विरोधी पक्ष तिथे बंद होते, छळछावण्या सुरू होत्या, आणि त्याच्या बातम्या झारमधली मोकळी वर्तमानपत्रं छापत होती. लोकांना माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. भाषा एक, चर्चचा कल तिकडे, नाझींची दहशत आणि परक्याच्या कारभाराचा कंटाळा. हे सगळं खरं आहे. पण मला दिसतं ते असं: त्या मंडळाने कारभार बरा केला, तरी लोकांना तो कधी आपला वाटला नाही. ज्या सरकारला आपण निवडलं नाही, त्याची नीटनेटकी बिलंसुद्धा माणसाला अपमानासारखी वाटतात.

‘आहे तसंच ठेवा’ म्हणणाऱ्या त्या ४६,६१३ च्या बाजूने प्रचार करणाऱ्यांत दोन नावं लक्षात ठेवा. एक कॅथलिक पत्रकार योहानेस होफमान. दुसरा बावीस वर्षांचा कम्युनिस्ट पोरगा एरिश होनेकर. दोघेही पुन्हा भेटणार आहेत.

१ मार्च १९३५ ला मुलूख जर्मनीला परत मिळाला. आता वाटेल की प्रशियाचा भाग प्रशियाला आणि बव्हेरियाचा बव्हेरियाला गेला असेल. तसं झालं नाही. योझेफ ब्युर्केल नावाचा नाझी आयुक्त आला आणि त्याने पंधरा वर्षांचा एकत्र मुलूख एकत्रच ठेवला. ‘झारलांड’ हे नावही अधिकृतपणे याच वेळी आलं. आधी नुसता ‘झार-प्रदेश’ म्हणत. व्हर्सायला शिव्या देणाऱ्यांनी व्हर्सायने आखलेली हद्द जशीच्या तशी उचलली, कारण तिच्या आत एक चालतं प्रशासन तयार होतं. पुढे त्याला फाल्झ जोडलं आणि युद्धात फ्रान्सचा लोरेन जोडून ‘वेस्टमार्क’ म्हटलं. १९३६ मध्ये झारलुईचं झारलाउटर्न केलं, फ्रेंच राजाचं नाव नको म्हणून. १९४५ मध्ये पुन्हा झारलुई. पाट्या रंगवणाऱ्याला या प्रांतात कधी कामाची ददात पडली नसावी.

१९४५ मध्ये फ्रेंच परत आले. या वेळी फ्रान्सने उघड विलीनीकरण केलं नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत झारला जर्मनीतल्या दोस्तांच्या संयुक्त कारभारातून वेगळं काढलं, डिसेंबरात जकातीची सरहद्द घातली. हद्द वाढवली, काही गावं परत दिली, ओल्डेनबुर्ग संस्थानाच्या जुन्या मुलुखातली काही गावं जोडली. १९४७ मध्ये स्वतःची राज्यघटना आणि पुन्हा फ्रॅंक; शिवाय स्वतःचं नागरिकत्व. मुख्यमंत्री झाले होफमान, परदेशातल्या विजनवासातून परतलेले. त्यांच्या डोक्यावर फ्रान्सचे प्रतिनिधी गिल्बेर ग्रांव्हाल.

म्हटलं तर देश, म्हटलं तर नाही. १९४८ मध्ये विद्यापीठ निघालं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला झारलांडचा स्वतंत्र संघ गेला. १९५४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांच्या गटात कोण आलं? पश्चिम जर्मनी. झारलांडने नॉर्वेला ऑस्लोत हरवलं, पण जर्मनीशी दोन्ही सामने हरले; घरच्या मैदानावर ३-१. त्याच वर्षी जर्मनीने विश्वचषक जिंकला. झारलांडचे प्रशिक्षक हेल्मुट श्योन यांनी वीस वर्षांनी, १९७४ मध्ये, पश्चिम जर्मनीला विश्वचषक मिळवून दिला.

दुसरा कौल २३ ऑक्टोबर १९५५ ला. पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर आणि फ्रान्सचे पंतप्रधान मांदेस-फ्रांस यांनी करार केला होता की झारलांडला ‘युरोपीय’ दर्जा द्यायचा, वर एक युरोपीय आयुक्त. होफमान यांची सगळी भिस्त त्यावर. आडेनाउअर यांनी स्वतः जर्मनीतून सांगितलं, ‘हो’ म्हणा. पण जर्मनीवादी पक्षांवरची बंदी तीन महिने आधी उठली होती आणि होफमान यांच्या अंगलटीवरून ‘जाड्याला घालवा’ ही घोषणा भिंतींवर आली होती. ६७.७ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. होफमान यांनी निकालाच्या रात्रीच राजीनामा दिला. वीस वर्षांत तो माणूस एकाच मताच्या बाजूने दोनदा उभा राहिला आणि दोनदा पडला. पहिल्या वेळी तो बरोबर होता हे इतिहासाने दाखवलं. दुसऱ्या वेळी लोक बरोबर होते असं मला वाटतं. नेता शहाणा असला तरी लोकांना विचारावंच लागतं.

फ्रान्सने कौल मानला. ही गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो, पण ती मोठी आहे. १९५६ च्या लक्झेंबर्ग करारात फ्रान्सने मोझेल नदी जहाजांना खोल करून घेतली, वार्न्ट भागातून कोळसा काढण्याची मुदत घेतली आणि मुलूख सोडला. १ जानेवारी १९५७ ला जर्मन राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखाली झारलांड संघराज्यात आलं. पैसा आणि जकात मात्र अडीच वर्षं फ्रेंचच राहिली. माझं तिकीट त्या अडीच वर्षांचं.

बदलाची तारीख गुप्त ठेवली होती, सट्टा होऊ नये म्हणून. लोक तिला ‘दिवस एक्स’ म्हणत. ५ जुलै १९५९ च्या मध्यरात्री तो उजाडला. शंभर फ्रॅंकला साधारण ८५ फेनिग. रात्रीत पगार बदलला, पेन्शन बदलली, दुकानातल्या सगळ्या पाट्या बदलल्या. घर मात्र तेच, गल्ली तीच.

आणि ते २३ वं कलम? तेहतीस वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९९० ला, त्याच दारातून पूर्व जर्मनी आत आली. त्या राज्याचा अठरा वर्षं सर्वेसर्वा राहून वर्षभरापूर्वीच पायउतार झालेला माणूस होता एरिश होनेकर, झारलांडच्या नोयनकिर्शेनमध्ये जन्मलेला. त्याच्या गावाने उघडलेल्या दारातून त्याचं राज्य नाहीसं झालं.

यानंतरचा इतिहास शांत आहे, पण त्यात कारभाराचं काम सर्वांत जास्त झालं. १९७४ च्या १ जानेवारीला ३४५ ग्रामपालिका एकत्र करून ५० केल्या. बव्हेरियाच्या वारशाचे होम्बुर्ग आणि झांक्ट इंगबर्ट हे जिल्हे जोडून एक केला. लोक रागावले. बूस आणि एन्सडोर्फ ही गावं १९८२ मध्ये पुन्हा वेगळी झाली, म्हणून आज ५२. झांक्ट इंगबर्टचा जिल्हा गेला, पण गाडीच्या नंबरपाटीवरची त्याची अक्षरं गावाने सोडली नाहीत. ती आजही दिसतात. फोल्कलिंगेनचा लोखंडाचा कारखाना १९८६ मध्ये थंड झाला आणि १९९४ मध्ये जागतिक वारसा ठरला. शेवटची खाण ३० जून २०१२ ला बंद झाली. ज्या कोळशासाठी प्रांत आखला तो कोळसा काढायचा थांबला, प्रांत राहिला. शेजारच्या राज्यात विलीन करा, खर्च वाचेल, अशी सूचना अधूनमधून निघते आणि मागे पडते.

दोनदा कौल झाला. दोन्ही वेळा लोकांनी वेगळेपणाविरुद्ध मत दिलं आणि दोन्ही वेळा ते वेगळेच राहिले, जर्मनीच्या आत. कारण मत देण्याआधीच एक पगारपत्रक, एक पोस्ट, एक न्यायालय, एक विद्यापीठ यांत ते एकत्र राहून गेले होते. नकाशा राजकारणी आखतात, प्रांत कारकून घडवतो. गुरुजींना बहुधा हेच सांगायचं होतं.

शेवटी एकच गोष्ट सांगून थांबतो. प्रशिया आणि बव्हेरियामधली १८१६ ची ती रेघ सगळ्यांनी पुसली, राष्ट्रसंघाने, नाझींनी, फ्रेंचांनी, संघराज्याने. चर्चने पुसली नाही. झारसाठी वेगळा बिशप द्या असं फ्रान्सने मागितलं, तरी व्हॅटिकनने दिला नाही. आजही झारब्रुकनच्या कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेत ट्रीरच्या बिशपचं नाव घेतात आणि तासाभराच्या आत पोचता येणाऱ्या होम्बुर्गमध्ये श्पायरच्या बिशपचं.